मधुमेह : केवळ साखरेवर नजर ठेवून भागत नाही

प्रौढवयात जडणारा मधुमेह हा आता शहरांपुरता किंवा सुखवस्तू घरांपुरता मर्यादित राहिलेला नाही. तालुक्याच्या गावी भरणाऱ्या आरोग्य शिबिरात रक्तातील साखर तपासून घेण्यासाठी रांगेत उभे राहणाऱ्यांत शेतकरी, शेतमजूर, शिक्षक, ग्रामसेवक, गृहिणी असे सर्व थरांतील लोक दिसतात. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या साहाय्याने देशभर झालेल्या एका मोठ्या पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. वीस वर्षे व त्याहून अधिक वयाच्या १,१३,०४३ व्यक्तींच्या या पाहणीत ११.४ टक्के लोकांना मधुमेह असल्याचे आढळले. या हिशेबाने देशातील मधुमेही व्यक्तींची संख्या दहा कोटींच्या घरात जाते.

याच पाहणीतील दुसरा एक आकडा मात्र तितकासा चर्चेत आला नाही. रक्तातील चरबीच्या निरनिराळ्या घटकांपैकी निदान एक घटक प्रमाणाबाहेर असलेल्यांचे प्रमाण ८१.२ टक्के इतके निघाले. हे दोन आकडे एकत्र वाचले पाहिजेत. याचे कारण असे की, मधुमेही व्यक्तीच्या मृत्यूचे सर्वांत मोठे कारण साखरेची वाढ हे नसून हृदयाच्या व रक्तवाहिन्यांच्या विकारांत ते आढळते. आणि त्या विकारांचा पाया रक्तातील बिघडलेल्या चरबीने घातलेला असतो.

मधुमेहाबाबत समाजात जी जागृती झाली आहे, ती बहुतांशी साखरेपुरतीच आहे. 'शुगर किती आली?' हा प्रश्न घरोघरी विचारला जातो. 'कोलेस्टेरॉल किती? ट्रायग्लिसराइड किती?' असे विचारणारे थोडेच. साखर वाढली की तहान लागते, वारंवार लघवीला जावे लागते, थकवा येतो. म्हणजे शरीर काही ना काही सूचना देते. चरबी वाढल्याची अशी कोणतीही सूचना बहुधा मिळत नाही. ती वर्षानुवर्षे निमूटपणे आपले काम करीत राहते आणि पुष्कळदा पहिली सूचना मिळते ती हृदयविकाराच्या झटक्यानेच.

रक्तातून चरबीची ने-आण

कोलेस्टेरॉल हा शब्द लोक भीतीने उच्चारतात. वस्तुतः कोलेस्टेरॉलवाचून शरीराचे चालत नाही. प्रत्येक पेशीचे आवरण, अनेक संप्रेरके, पित्तरस आणि ड जीवनसत्त्व यांच्या घडणीत त्याचा भाग असतो. शरीराला लागणारे बरेचसे कोलेस्टेरॉल शरीर स्वतःच तयार करते, आणि त्यात यकृताचा वाटा मोठा असतो. ट्रायग्लिसराइड ही चरबीची दुसरी जात. ती इंधनाच्या रूपाने साठविली जाते आणि गरजेप्रमाणे वापरली जाते.

तेल व पाणी एकजीव होत नाहीत. रक्त हे मुख्यतः पाण्याचे बनलेले असल्याने चरबी त्यात नुसती सोडून भागत नाही; ती प्रथिनांच्या वेष्टनात बांधून सूक्ष्म कणांच्या रूपाने पाठवावी लागते. या कणांना मालवाहू गाड्यांची उपमा शोभेल. एल.डी.एल. नावाचे कण कोलेस्टेरॉल यकृताकडून शरीराच्या सर्व भागांकडे नेतात. एच.डी.एल. नावाचे कण उरलेले कोलेस्टेरॉल गोळा करून यकृताकडे परत आणण्यास मदत करतात. ट्रायग्लिसराइड वाहून नेणारे कण आणखी निराळे. यकृताच्या पेशी एल.डी.एल. कण रक्तातून कसे उचलून घेतात, याचा उलगडा अमेरिकेतील मायकेल ब्राउन व जोसेफ गोल्डस्टीन या दोन शास्त्रज्ञांनी केला आणि त्याबद्दल त्यांना १९८५ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

एल.डी.एल. कणांची संख्या गरजेपेक्षा जास्त झाली, म्हणजे ते रोहिण्यांच्या आतील अस्तरात शिरून अडकून बसतात. त्यांच्याभोवती पांढऱ्या पेशी जमतात आणि अस्तराखाली चरबीचा थर धरू लागतो. हा थर वाढत जाऊन रक्ताची वाट अरुंद होते. एखाद्या दिवशी त्या थराचा पापुद्रा फुटतो, त्या जागी रक्ताची गुठळी बनते आणि प्रवाह थांबतो. हृदयाच्या रोहिणीत असे घडले तर हृदयविकाराचा झटका येतो, मेंदूच्या रोहिणीत घडले तर पक्षाघात होतो. पायाच्या रोहिण्या अरुंद झाल्या तर जखमा भरून येत नाहीत आणि प्रसंगी पाय गमावण्याची पाळी येते.

मधुमेहात चरबी का बिघडते?

इन्शुलिनचे काम केवळ साखरेपुरते नाही, ही गोष्ट येथे ध्यानात घेतली पाहिजे. जेवणानंतर आलेली चरबी कोठारात साठवून ठेवणे आणि कोठारातील चरबी अवेळी बाहेर पडू न देणे, ही कामेही इन्शुलिनच करते. प्रौढवयातील मधुमेहात, ज्याला आता 'टाइप २' असे म्हणतात, प्रारंभी इन्शुलिन असते. परंतु शरीराच्या पेशी त्याचा हुकूम पूर्णपणे मानीत नाहीत. साहजिकच कोठाराचे दार सैल पडते. चरबीतून सुटलेली आम्ले यकृताकडे लोटतात आणि यकृत त्यांपासून ट्रायग्लिसराइडने भरलेले कण अधिकाधिक तयार करून रक्तात सोडते. हे कण रिकामे करण्याचे कामही मंदावलेले असते.

याचे तीन परिणाम दिसून येतात. पहिला, रक्तातील ट्रायग्लिसराइड वाढतात. दुसरा, एच.डी.एल. कमी होते, कारण ट्रायग्लिसराइडच्या गर्दीत एच.डी.एल. कणांतील माल बदलला जातो आणि ते कण रक्तातून लवकर नाहीसे होतात. तिसरा परिणाम सर्वांत फसवा आहे. एल.डी.एल. कोलेस्टेरॉलचा आकडा फारसा वाढलेला दिसत नाही. परंतु ते वाहणारे कण आकाराने लहान व घट्ट बनतात.

हा तिसरा परिणाम एका उदाहरणाने स्पष्ट होईल. दोन गावांनी बाजारात सारखेच धान्य पाठविले. एका गावाने ते मोठ्या मालमोटारींतून पाठविले, दुसऱ्याने लहान टेम्पोंतून. वजनकाट्यावर माल तेवढाच भरला. पण रस्त्यावर वाहनांची गर्दी दुसऱ्या गावामुळे अधिक झाली. प्रयोगशाळेच्या अहवालातील एल.डी.एल.चा आकडा हा मालाचे वजन सांगतो, वाहनांची संख्या सांगत नाही. रोहिणीच्या अस्तराला त्रास होतो तो मात्र वाहनांच्या संख्येचा. म्हणूनच 'कोलेस्टेरॉल ठीक आहे' असे ऐकून मधुमेही व्यक्तीने निश्चिंत होणे धोक्याचे ठरते.

भारतीय शरीराची ठेवण आणि पुण्याचे संशोधन

हा प्रश्न भारतीयांच्या बाबतीत अधिक बिकट का आहे, याचा शोध घेण्यात पुण्यातील के.ई.एम. रुग्णालयाच्या संशोधन केंद्राचा वाटा मोठा आहे. तेथील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांचे छायाचित्र २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले आणि ते जगभर गाजले. उंचीच्या मानाने वजन दाखविणारा निर्देशांक दोघांचाही सारखाच, म्हणजे २२.३ होता. परंतु शरीरातील चरबीचे प्रमाण मोजले असता युडकिन यांच्या शरीरात ते ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के निघाले. तराजूला दोघे सारखे. पण एकाच्या शरीरात दुसऱ्याच्या दुपटीहून अधिक चरबी.

पुणे जिल्ह्यातील सहा गावांत १९९३ पासून सुरू झालेल्या माता-पोषणाच्या अभ्यासात याचे मूळ जन्माच्याही आधी असल्याचे दिसून आले. या गावांत जन्मलेल्या बालकांचे सरासरी वजन २.७ किलोग्रॅम होते, तर इंग्लंडमधील साउथॅम्प्टन येथील बालकांचे ३.५ किलोग्रॅम. परंतु भारतीय बालकांत उणेपणा होता तो स्नायूंचा. चरबी मात्र त्या मानाने टिकून होती. दिसायला बारीक पण आतून चरबीयुक्त, अशी ही ठेवण पुढील आयुष्यात पोटाचा घेर वाढताच मधुमेहाला आणि बिघडलेल्या चरबीला निमंत्रण देते.

परिणाम काय होतो, तेही मोजले गेले आहे. बावन्न देशांत झालेल्या एका अभ्यासात दक्षिण आशियातील लोकांना पहिला हृदयविकाराचा झटका सरासरी ५३ व्या वर्षी आल्याचे आढळले. इतर देशांत हेच वय ५८.८ होते. पाच-सहा वर्षांचा हा फरक कुटुंबाच्या दृष्टीने फार मोठा आहे. त्रेपन्नाव्या वर्षी मुलांची शिक्षणे पूर्ण झालेली नसतात, मुलीचे लग्न व्हायचे असते, कर्ज फिटायचे असते. यास्तव 'मी तर सडपातळ आहे, मला कसले कोलेस्टेरॉल?' ही समजूत सोडून दिली पाहिजे. कमरेचा घेर पुरुषांत ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटर याहून अधिक असल्यास वजन कितीही असो, सावध होणे इष्ट.

अहवाल कसा वाचावा?

समजा, पन्नास वर्षे वयाच्या एका प्राथमिक शिक्षकांना चार वर्षांपासून मधुमेह आहे. गोळ्या नियमित चालू आहेत आणि साखर बरीचशी ताब्यात आहे. त्यांच्या रक्ताच्या अहवालात पुढील आकडे आले : एकूण कोलेस्टेरॉल १९२, एच.डी.एल. ३४, ट्रायग्लिसराइड २६०, एल.डी.एल. १०६. हे सर्व आकडे दर १०० मिलिलिटर रक्तामागे मिलिग्रॅममध्ये आहेत. एकूण कोलेस्टेरॉल २०० च्या आत असले म्हणजे चांगले, असे गुरुजींनी ऐकलेले आहे. त्यामुळे १९२ हा आकडा पाहून ते समाधानाने अहवाल घडी करून ठेवतात.

त्यांनी पुढच्या ओळी वाचावयास हव्या होत्या. ट्रायग्लिसराइड १५० च्या आत असावेत. त्यांचे २६० आहेत. एच.डी.एल. पुरुषांत ४० हून व स्त्रियांत ५० हून अधिक असावे. त्यांचे ३४ आहे. मधुमेही व्यक्तीचे एल.डी.एल. १०० च्या आत असावे, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. धोका अधिक असल्यास ते ७० च्या आत आणि हृदयविकार झालेला असल्यास त्याहूनही खाली आणण्याकडे आता तज्ज्ञांचा कल आहे. त्यांचे १०६ आहे. म्हणजे एकूण कोलेस्टेरॉलची एक ओळ सोडली, तर अहवालातील एकही ओळ समाधानकारक नाही.

अशा वेळी एक साधी वजाबाकी उपयोगी पडते. एकूण कोलेस्टेरॉलमधून एच.डी.एल. वजा करावे. उरते ते सर्व प्रकारच्या अपायकारक कणांतील कोलेस्टेरॉल. वरील उदाहरणात १९२ मधून ३४ गेले, उरले १५८. एल.डी.एल.ची मर्यादा १०० धरली असता ही बाकी १३० च्या आत असावी आणि मर्यादा ७० धरली असता १०० च्या आत. ट्रायग्लिसराइड वाढलेले असताना एल.डी.एल.च्या आकड्यापेक्षा ही बाकी धोक्याचे अधिक खरे चित्र दाखविते. तिच्यासाठी वेगळी चाचणी नको, वेगळा खर्च नको आणि तिसरीतील मुलालाही ती करता येते.

एल.डी.एल.चा आकडा अनेक प्रयोगशाळांत प्रत्यक्ष मोजलेला नसून हिशेबाने काढलेला असतो, हेही माहीत असावे. १९७२ साली रूढ झालेल्या सूत्रानुसार एकूण कोलेस्टेरॉलमधून एच.डी.एल. आणि ट्रायग्लिसराइडचा पाचवा भाग वजा करतात. उदाहरणात १९२ मधून ३४ आणि ५२ वजा जाऊन १०६ उरले, ते असे. ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर गेले की हा हिशेब भरवशाचा राहत नाही. ते ५०० च्या वर आणि विशेषतः १,००० च्या वर गेले, तर स्वादुपिंडाला तीव्र सूज येण्याचा धोका असतो. तेव्हा वेळ न घालविता उपचार घ्यावे लागतात.

चाचणी केव्हा व कशी?

मधुमेहाचे निदान झाले की त्याच वेळी रक्तातील चरबीची संपूर्ण चाचणी करून घ्यावी आणि पुढे वर्षातून निदान एकदा करावी. चरबीवरील औषध सुरू केल्यास अथवा त्याचे प्रमाण बदलल्यास चार ते बारा आठवड्यांनी ती पुन्हा करावी लागते. एरवी या चाचणीसाठी उपाशीपोटी असणे सक्तीचे मानले जात नाही. मात्र ट्रायग्लिसराइड फार वाढलेले असतील, तर डॉक्टर नऊ ते बारा तासांच्या उपवासानंतर रक्त देण्यास सांगतात. इन्शुलिन अथवा साखर उतरविणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्यांनी येथे विशेष काळजी घ्यावी. पोटात अन्न नसताना सकाळची गोळी किंवा इंजेक्शन घेतल्यास साखर एकदम खाली जाऊन चक्कर येऊ शकते. उपाशीपोटी रक्त द्यावयाचे असल्यास औषध केव्हा घ्यावे, हे आदल्या दिवशीच डॉक्टरांना विचारून ठेवावे.

आकडे वाढलेले आढळल्यास इतर कारणेही तपासून पाहतात. थायरॉइड ग्रंथीचे मंदावलेले काम, मूत्रपिंडाचे विकार, मद्यपान आणि काही औषधे यांमुळेही चरबी वाढते. साखर ताब्यात नसेल तर ती ताब्यात आणणे, हाच ट्रायग्लिसराइड उतरविण्याचा पहिला उपाय ठरतो.

संशोधनाने काय सिद्ध केले?

मधुमेही व्यक्तीने चरबी उतरविल्यास खरोखर लाभ होतो काय, हा प्रश्न काही अंदाजावर सोडलेला नाही. जपानमधील शास्त्रज्ञ अकिरा एन्डो यांनी १९७० नंतरच्या दशकात हजारो बुरशींची तपासणी करून यकृतातील कोलेस्टेरॉलची निर्मिती रोखणारे एक द्रव्य शोधून काढले. त्यातूनच स्टॅटिन या औषधवर्गाचा उगम झाला आणि १९८७ साली अमेरिकेत त्यातील पहिल्या औषधाला मान्यता मिळाली.

ब्रिटन व आयर्लंडमध्ये २,८३८ मधुमेही व्यक्तींवर झालेल्या एका चाचणीचे निष्कर्ष २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. या व्यक्तींना पूर्वी हृदयविकार झालेला नव्हता आणि त्यांचे एल.डी.एल.ही फार वाढलेले नव्हते. निम्म्यांना अॅटोरव्हास्टॅटिनची १० मिलिग्रॅमची गोळी रोज देण्यात आली, तर उरलेल्यांना औषधविरहित गोळी. औषध घेणाऱ्यांत हृदयविकार, पक्षाघात आदी गंभीर घटना ३७ टक्क्यांनी कमी झाल्या. लाभ इतका स्पष्ट होता की, ही चाचणी ठरल्या मुदतीच्या सुमारे दोन वर्षे आधीच थांबविण्यात आली. पुढे २००८ साली चौदा चाचण्यांतील १८,६८६ मधुमेही व्यक्तींची माहिती एकत्र तपासण्यात आली. एल.डी.एल. सुमारे ३९ मिलिग्रॅमने उतरले की अशा गंभीर घटना सुमारे एकपंचमांशाने कमी होतात, असे तीतून दिसून आले.

दुसऱ्या बाजूचा धडाही तितकाच महत्त्वाचा आहे. ट्रायग्लिसराइड उतरविणाऱ्या फेनोफायब्रेट या औषधाची स्टॅटिनच्या जोडीने ५,५१८ मधुमेही व्यक्तींवर चाचणी झाली. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांनुसार एकंदर रुग्णांत हृदयविकार कमी झाल्याचे आढळले नाही. म्हणजे प्रत्येक आकडा गोळीने खाली ओढला की काम झाले, असे नाही. एल.डी.एल.साठी स्टॅटिन, ट्रायग्लिसराइडसाठी मुख्यतः साखरेवर ताबा, आहार, व्यायाम व मद्यत्याग, आणि ते फारच वाढलेले असतील तरच वेगळे औषध, असा क्रम यातून निश्चित झाला.

डेन्मार्कमध्ये १६० रुग्णांवर झालेल्या आणखी एका अभ्यासाचा उल्लेख करणे अगत्याचे आहे. साखर, रक्तदाब, चरबी, तंबाखू, आहार व व्यायाम या सर्वांकडे एकाच वेळी कसून लक्ष दिलेल्या गटात सुमारे आठ वर्षांत हृदय व रक्तवाहिन्यांच्या गंभीर घटना नेहमीचे उपचार घेणाऱ्या गटाच्या जवळजवळ निम्म्याने घटल्याचे २००३ मध्ये दिसून आले. एकाच दारावर पहारा ठेवण्यापेक्षा सर्व दारे लावून घेण्याचा हा लाभ होय.

स्वयंपाकघरातील उपाय

'आमचे तेल कोलेस्टेरॉलमुक्त' अशी जाहिरात पाहून अनेकांची दिशाभूल होते. कोलेस्टेरॉल हे प्राणिज पदार्थांत असते. वनस्पतीपासून काढलेल्या तेलात ते तसेही नगण्यच असते. प्रश्न तेलाच्या प्रकाराइतकाच त्याच्या प्रमाणाचा आहे. माणशी दररोज २५ ग्रॅम तेल धरले, तर चार माणसांच्या कुटुंबाला महिन्यास ३ किलोग्रॅम पुरावे. महिन्याच्या किराणा मालाच्या यादीतील तेलाचा आकडा पाहिला की, घरात किती जादा तेल खर्च होते, याचा अंदाज लगेच येतो. शेंगदाणा, करडई, सोयाबीन, मोहरी यांची तेले आलटून पालटून वापरावीत. तूप, लोणी, साय, खोबरे यांचे प्रमाण बेताचे ठेवावे.

वनस्पती तुपातील ट्रान्स प्रकारची चरबी एल.डी.एल. वाढविते आणि एच.डी.एल. घटविते. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने तेल व चरबीतील तिचे प्रमाण जानेवारी २०२२ पासून २ टक्क्यांच्या मर्यादेत आणले आहे. तथापि, तळणीचे तेच तेल पुन्हा पुन्हा तापविल्याने अपायकारक द्रव्ये तयार होतात. हे घरीही टाळावे आणि रस्त्याकडेच्या वडे-भज्यांच्या बाबतीतही ध्यानात ठेवावे.

मधुमेही व्यक्तीचे ट्रायग्लिसराइड केवळ तेलातुपानेच वाढतात, असे नाही. साखर, गूळ, मैदा, पांढरा भात यांचा अतिरेकही त्यास कारणीभूत होतो. आपल्याकडील उपवासाचा या दृष्टीने विचार व्हावा. साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस, शेंगदाण्याचा लाडू यांनी भरलेला उपवासाचा दिवस हा मधुमेही व्यक्तीसाठी नेहमीच्या जेवणापेक्षा अधिक जड ठरतो. भगर, ताक, काकडी, थोडी फळे एवढ्यावर तो निभावता येईल. मात्र औषधे चालू असताना डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून कडक उपवास करू नये.

ज्वारी व नाचणीची भाकरी, मटकी, हुलगे, हरभरा, मूग, पालेभाज्या, मेथी ही महाराष्ट्राच्या ताटातील जुनी मंडळी आहेत. त्यांतील तंतुमय भागामुळे साखर सावकाश चढते आणि कोलेस्टेरॉलवरही काही प्रमाणात वचक राहतो. जवसाची चटणी आणि कोकणपट्टीत बांगडा, तारली यांसारखे मासे, तळून नव्हे तर कालवणात, उपयुक्त ठरतात. आठवड्यातून किमान १५० मिनिटे झपाझप चालल्याने ट्रायग्लिसराइड उतरतात. 'शेतात राबतो, वेगळा व्यायाम कशाला?' असे पुष्कळ जण म्हणतात. पण शेतीचे काम हंगामी असते आणि यंत्रे आल्यापासून ते कमीही झाले आहे. तंबाखूचे कोणतेही रूप, मग ती विडी असो वा मशेरी, सोडावयास हवे. धूम्रपानाने एच.डी.एल. घटते आणि रोहिण्यांचे अस्तर बिघडते.

औषधाविषयीचे गैरसमज

वय चाळीसच्या पुढे असलेल्या बहुतेक मधुमेही व्यक्तींना आता हृदयविकार नसतानाही स्टॅटिन सुचविले जाते. ते सर्वांसाठी एकाच प्रमाणात नसते आणि स्वतःच्या मनाने दुकानातून आणून घेण्याचे तर मुळीच नाही. गरोदर स्त्रियांना ते सहसा देत नाहीत. काहींना स्नायूंत वेदना होतात. तसे झाल्यास डॉक्टरांना सांगावे म्हणजे प्रमाण अथवा औषध बदलता येते. या औषधाने साखर किंचित वाढू शकते हे खरे. परंतु हृदयाला होणाऱ्या लाभाच्या मानाने ती वाढ अल्प आहे. अॅटोरव्हास्टॅटिन हे औषध राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत समाविष्ट आहे.

सर्वांत मोठी चूक होते ती निराळीच. तीन महिन्यांनी चाचणीत आकडे सुधारलेले दिसतात आणि रुग्ण 'आता बरे झाले' म्हणून गोळी बंद करतो. आकडा उतरला तो गोळीमुळे. गोळी थांबली की तो पूर्ववत चढतो. धरणाचे दार लावल्याने खालच्या गावात पाणी येणे थांबले, म्हणून दार काढून टाकावे, असे कोणी म्हणत नाही.

गावाने काय करावे?

तीस वर्षांवरील सर्व व्यक्तींची रक्तदाब, मधुमेह व काही प्रकारचे कर्करोग यांसाठी तपासणी करण्याची राष्ट्रीय योजना चालू आहे. पूर्वीची आरोग्यवर्धिनी केंद्रे, म्हणजेच आताची आयुष्मान आरोग्य मंदिरे आणि आशा कार्यकर्त्या यांच्यामार्फत ती गावोगावी पोहोचते. बोटातील एका थेंबाने साखर कळते. पण चरबीच्या संपूर्ण चाचणीसाठी सामान्यतः शिरेतील रक्त प्रयोगशाळेत पाठवावे लागते. त्यामुळे साखर आढळली आणि गोळी सुरू झाली, की पुढची पायरी राहून जाण्याचा संभव असतो. नेमकी येथेच ग्रामपंचायत सदस्यांची मदत मोलाची ठरेल. गावातील ज्यांना मधुमेह असल्याचे ठाऊक आहे, त्यांची चरबीची चाचणी गेल्या वर्षभरात झाली की नाही, एवढाच प्रश्न आरोग्य कर्मचाऱ्यांच्या साहाय्याने प्रत्येकास विचारला जावा. न झालेल्यांसाठी प्राथमिक आरोग्य केंद्र अथवा ग्रामीण रुग्णालयाशी बोलून एक दिवस ठरवावा. ग्रामसभेत आरोग्याचा विषय निघेल तेव्हा हा मुद्दा आवर्जून मांडला जावा.

शिक्षकांना याहून वेगळे काम करता येईल. एकूणमधून एच.डी.एल. वजा करण्याचा हिशेब, तेलाचा महिन्याचा हिशेब ही गणिताच्या तासाची उत्तम उदाहरणे आहेत. मुलाने घरी जाऊन आजोबांचा अहवाल मागून पाहिला, तर दहा भाषणांनी होणार नाही ते काम होईल. कार्यालयप्रमुखांनी कर्मचाऱ्यांसाठी तपासणी शिबिर घेताना साखरेबरोबर रक्तदाब व चरबी यांचीही तपासणी त्यात धरावी.

एक गोष्ट सर्वांनीच पक्की ध्यानात ठेवावी. मधुमेहाने मज्जातंतू बधिर झालेल्या व्यक्तीला हृदयविकाराच्या झटक्याच्या वेळी छातीत तीव्र कळ येईलच, असे नाही. एकाएकी दम लागणे, दरदरून घाम फुटणे, जबड्यात, पाठीत वा डाव्या हातात दुखणे, कारण नसताना अतोनात थकवा येणे, एवढीच लक्षणे दिसू शकतात. मधुमेही व्यक्तीच्या बाबतीत हा 'पित्ताचा त्रास' समजून घरगुती उपाय करीत बसू नये. तात्काळ १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

वर उल्लेखिलेल्या गुरुजींनी अहवाल घडी करून ठेवण्याऐवजी डॉक्टरांपुढे उलगडला असता, तर त्यांचे काय झाले असते? कदाचित एक गोळी वाढली असती, घरातील तेलाचा डबा महिनाभर पुरला असता, संध्याकाळी शाळेच्या मैदानाला चार फेऱ्या पडल्या असत्या. साखर ताब्यात ठेवण्यासाठी त्यांनी चार वर्षे जे कष्ट घेतले, त्यांचे पूर्ण फळ पदरात पडण्यासाठी एवढेच करावयाचे बाकी होते. महाराष्ट्रातील गावागावांत असे अनेक गुरुजी आहेत. त्यांच्या घडी केलेल्या अहवालातील पुढच्या ओळी त्यांना वाचून दाखविणे, हे आज हाती घेण्यासारखे काम आहे.